पोटॅशियमची ज्योत

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि पोटॅशियम पुन्हा दिसू लागलं. उजव्याचं ऑपरेशन व्हायचंय. त्यामुळे सध्या एकच ज्योत डाव्या डोळ्याला फिकट जांभळी दिसते, उजव्याला मळकट पांढुरकी. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवतं, हे वाचलेलं होतं. पटलं ते बर्नरसमोर.

स्ट्रॉन्शियमचा किरमिजी, कॅल्शियमचा विटकरी, तांब्याचा हिरवा यांत फारसा वाद होत नाही. पोटॅशियमची झाक मात्र सॉल्ट लावलेली तार ज्योतीत जाताच क्षणभर उमटते, की लगेच सोडियमचा पिवळा तिच्यावर चढतो. तार कॉन्क एचसीएलमध्ये कितीही वेळा बुडवून तापवा, बोटाच्या घामातून सोडियम येतंच. इथे बेलपाड्यात खिडक्यांचे गज खाडीच्या वाऱ्यानं गंजतात. या हवेत बिनसोडियमची लॅब कुठून मिळणार? मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतकं सोडियमही वर्णपटात दिसतं, असं बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी १८६० मध्येच लिहून ठेवलंय. १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसलेली पिवळी रेघही आधी सोडियमचीच वाटली होती. ती निघाली हेलियमची. 

सोडियमच्या या पिवळ्यावर निळी कोबाल्ट काच हा जुना उपाय. ती पिवळा खाते. पोटॅशियमच्या रेघा वर्णपटाच्या दोन टोकांना असतात, ४०४ नॅनोमीटरला जांभळी आणि ७६६ ते ७७० च्या दरम्यान गडद तांबड्या. तांबडा प्रकाश पिवळट भिंगातूनही पार होतो, म्हणजे काच हाती धरली असती तर म्हाताऱ्या डोळ्यालाही पोटॅशियम सापडलं असतं. मी धरत नव्हतो. काचेशिवाय पोटॅशियम सांगणारा म्हणून डिपार्टमेंटमध्ये माझं नाव होतं आणि ते मला पगारापेक्षा प्यारं होतं.

ऑपरेशनच्या आधीच्या टर्मला एक मुलगी तार धरून म्हणाली, "सर, आहे पोटॅशियम. गेलं बघा." मला फक्त पिवळं दिसलं होतं. अमोनियम आधीच तापवून घालवलेलं होतं, म्हणजे गोंधळाला जागा नव्हती. सोडियम कोबाल्टिनायट्राइट घातल्यावर नळीच्या तळाशी पोटॅशियमचा पिवळा साका बसला. ती बरोबर होती. मला तिचं कौतुक वाटलं, पण त्याआधी हेवा वाटला.

तळोज्याच्या कारखान्यांतल्या यंत्रांवर माझा राग नाही. फ्लेम फोटोमीटर सरळ आकडा देतो, तो त्याचं काम करतो. राग आहे तो प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी फिरणाऱ्या सॉल्टच्या यादीवर. मुलं आधी निष्कर्ष लिहितात, मग निरीक्षण. ज्यानं ज्योतीकडे पाहिलंच नाही तो 'जांभळी' लिहून पूर्ण मार्क घेतो. ज्यानं डोळे फाडून पाहिलं आणि खरं तेच, 'पिवळी', लिहिलं, त्याचे मार्क कापले जातात. माझ्या मते हा दुसरा मुलगा केमिस्ट आहे. त्याला फक्त काच द्यायला हवी.

आता प्रत्येक टेबलावर काच ठेवायला लावली आहे. तरी मुलांनी ती उचलायच्या आत आपण रंग सांगून मोकळं व्हावं, ही हौस काही जात नाही.