लिटरला अकरा

माणसाने जुनी गाडी घेतली की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मराठीचा अध्यापक या नात्याने मी 'सरासरी' हा शब्द आमच्या सोसायटीत रुजवून पाहिला. पण "सरासरी किती?" असे विचारताच एका शेजाऱ्याने मुलाचे बारावीचे गुण सांगितले, तेव्हा मी तो नाद सोडला.

माझी गाडी दहा वर्षांची. आमच्याच विभागातून निवृत्त झालेल्या सरांकडून मी ती यंदा मार्चमध्ये घेतली. मी त्यांचा विद्यार्थी. "लिटरला अठरा देते," असे ते म्हणाले होते, आणि गुरुवाक्य पडताळून पाहण्याची मला सवय नव्हती.

पाकीट मात्र पडताळून पाहत होते. जूनमध्ये मी रीतसर हिशेब मांडला. पंपावरची तोटी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली आणि मीटरचा आकडा वहीत लिहिला. महिन्याने त्याच पंपावर तशीच टाकी भरली. गाडी २८६ किलोमीटर चालली होती आणि पेट्रोल मावले २६ लिटर. भागाकार मराठीच्या अध्यापकालाही येतो. अकरा!

मग संशय सुरू झाला. आधी पंपावर आला. पंप बदलला, आकडा बदलेना. नंतर चिरंजीवांवर आला; किल्ली उशाखाली ठेवली, आकडा तोच. मग इथेनॉलवर आला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि हल्लीच्या पेट्रोलात ते वीस टक्क्यांपर्यंत असते. हिशेब केला, तर अठराचे त्याने सतरा होतील; अकरा नव्हेत. हवेचा फिल्टर बदलला. तो कार्ब्युरेटरच्या काळातला सल्ला निघाला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर मळला तर जोर कमी होतो, पेट्रोल फारसे वाढत नाही. शेवटी एकच आरोपी उरला. सरांनी मला फसवले होते!

जुलैत गुरुपौर्णिमा आली. इतकी वर्षे न चुकता जात होतो, यंदा गेलो नाही. त्याच आठवड्यात सरांचे दोन फोन आले. मी घेतले नाहीत.

श्रावणात एक दिवस गाडी काशिमिऱ्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने स्कॅनर लावला; इंजिनात दोष दिसेना. तो म्हणाला, "सर, गाडीवरून उतरल्यावर कधी चाकाला हात लावून बघितलात?" मी मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. चाक चांगलेच तापले होते. त्याने सपाटीवर गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक सोडला आणि म्हणाला, "ढकला." अशी लहान गाडी सपाटीवर एका माणसाला हलली पाहिजे. माझ्याने ती तसूभर सरकेना.

उलगडा साधा होता. मे महिन्याची सुट्टी आम्ही गावी घालवली. गाडी महिनाभर हँडब्रेक ओढून उघड्यावर उभी होती, तीही भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या अंगाला. खाडीचा खारा वारा आणि वर पहिला पाऊस. हँडब्रेकची केबल गंजून आखडली होती. मी हँडब्रेक खाली करी, दिवा विझे. आत मात्र ब्रेक अर्धवट लागलेलाच राही. चाकांत हवा ३३ हवी होती, ती २४ निघाली. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. मी व्याकरणाखेरीज काही वाचतो कुठे?

केबल बदलली, ड्रम साफ केले, हवा भरली. पुढच्या टाकीला चौदा आले. उरलेली तूट माझी मीच समजलो. घर ते कॉलेज पाच किलोमीटर, त्यात अर्धी वाट रांगेत. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते, आणि ते तापते न तापते तोच मी उतरतो. सर कॉलेजला लोकलने येत आणि गाडी काढीत ती नाशिकला जायला. त्यांचे अठरा खरे होते. ते त्या रस्त्याचे होते.

गेल्या आठवड्यात फराळाचा डबा घेऊन बोरिवलीला त्यांच्याकडे गेलो. सरांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता.

"जुलैत मोतीबिंदू काढला," ते म्हणाले. "हॉस्पिटलात ने म्हणून तुला फोन केला होता. म्हटलं, आपल्याच गाडीतून जावं. मग रिक्षानं गेलो. तू कामात असशील."

मला काही बोलता येईना. हिशेबाची वही खिशातच होती.

"आणि गाडी काय म्हणते? देते ना अठरा?"

"चौदा, सर," मी म्हणालो. "चूक माझी होती."

"चौदा काही वाईट नाही," म्हणत त्यांनी चकली मोडली. "पण आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळालीय. डिसेंबरात. तेव्हा मात्र फोन घे हो."