आखूड नसते का?

मामाची ठासणीची बंदूक मी पहिल्यांदा हातात घेतली ती पोलिस ठाण्यात नेऊन द्यायला. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि मामाला निरोप आला, बंदूक जमा करा. मामाचा गुडघा दुखावलेला, मामेभाऊ नोकरीला लांब. म्हणून शनिवारी डोंबिवलीहून मी निघाले. कल्याणला मुरबाडची एसटी धरली. रायत्याचा पूल ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळा पडू लागलेला दिसला, पण माझ्या डोक्यात भात नव्हता. डोक्यात वाघ, मचाण, टोपीवाले साहेब असलं काहीबाही होतं.

बंदूक आढ्याखाली दोन खुंट्यांवर आडवी होती. खाली काढून दस्ता जमिनीवर टेकवला तर तोंड माझ्या हनुवटीशी आलं. आणि मी केलं काय, तर त्या तोंडात डोकावून पाहिलं.

"तोंडाला तोंड नको!" मामा ओरडला. एवढ्या मोठ्या आवाजात तो माझ्याशी कधीच बोललेला नाही.

मग त्याने गज काढला. नळीत सोडला, बाहेर किती उरला ते पाहिलं. गजावर सुरीने केलेली एक खाच आहे. नळी रिकामी असेल तर खाच बरोबर तोंडाशी येते. आत बार असेल तर वर राहते. ठासणीच्या बंदुकीत काडतूस काढून खात्री करता येत नाही. आधीचा बार आहे हे विसरून दुसरा भरला की नळी फुटते. मोबाइलच्या चार्जिंगपासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं अंदाजावर चालवणाऱ्या मला ती खाच फार आवडली.

"ही रायफल आखूड नसते का रे मिळत?"

एका वाक्यात दोन चुका. रायफलीच्या नळीला आतून आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जाते; हिची नळी आतून पेल्यासारखी गुळगुळीत, म्हणून ही नुसती बंदूक. आणि आखूड? "दारू जळायला वेळ नको? नळी तोकडी केली तर अर्धी बाहेर जळेल. जाळ मोठा, जोर कमी."

आखूड बंदुका असतात, हे मी नंतर वाचलं. त्यांना जुन्या मराठीत कराबीन म्हणत. १८५३ च्या इंग्रजी एन्फील्ड रायफलीची नळी ३९ इंच होती, तर १८५६ च्या घोडेस्वारांच्या कराबिनीची २१. घोड्यावर बसून लांब नळीत वरून दारू ओतायची कशी, हाच प्रश्न होता. त्या कराबिनीचा गज हातातून निसटू नये म्हणून तोंडाशी कडीने अडकवलेला असे. सत्तावन्नच्या उठावानंतर देशी पायदळाला १८५८ ची जी बंदूक मिळाली ती दिसायला एन्फील्डसारखीच, पण आतून गुळगुळीत. आटे साहेबाकडे. मामाची बंदूक मला तेव्हापासून जरा वेगळी दिसते.

आपल्याकडे मात्र नळी कापायचा विचारही करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद. पिकात घुसणारं डुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने शिकार करायला बऱ्याच राज्यांत वेगळा हंगाम असतो, असं मी मामाला सांगितलं. "मुद्दाम?" त्याने विचारलं. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

रात्री खालच्या खाचरात खसफस झाली. मामाने बॅटरी माझ्या हातात दिली. तोंड स्वतःपासून लांब कलतं धरून त्याने मापाने दारू ओतली, काथ्याचा बोळा घातला, गजाने दाबत गेला. छर्रे नाहीत, नुसता बार. "ठासून सांगणे" आपण किती सहज म्हणतो. प्रत्यक्ष ठासणं हे धसमुसळं काम नाही, पुन्हा पुन्हा, एकसारखं, हळूहळू दाबण्याचं आहे. मग घोड्याखालच्या निपलावर तांब्याची इवलीशी केप. दिवाळीतली टिकलीच, फक्त टोपीच्या आकाराची.

चाप ओढला. फट्.

बस्स, एवढंच. मी हसले आणि पुढे सरकले, तर मामाने कोपराने मला मागे ढकललं. तोंड शेताकडेच रोखून तो तसाच उभा राहिला. कधी कधी ठिणगी आत रेंगाळते आणि बार उशिरा उडतो. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने सुईने निपलाचं भोक साफ केलं, दुसरी केप लावली.

या वेळी आवाज कानांनी नाही, पोटाने ऐकला. समोर फक्त पांढरा धूर, नासक्या अंड्याचा वास, आणि धुरापलीकडे बांधावरून पळणारे खूर. किती डुकरं होती ते दिसलंच नाही. मामी आतून म्हणाली, "झालं का? आता धुवा ती." काळ्या दारूची काजळी रात्रभर राहिली तर नळी गंजते, म्हणून साडेअकरा वाजता कढत पाणी नळीत ओतायचं काम माझ्याकडे आलं.

सकाळी शेजाऱ्याच्या रिक्षातून निघालो. परवानेवाला सोबत असला तर त्याच्यासाठी बंदूक दुसऱ्याने धरलेली चालते, म्हणून मामा परवान्याची वही घेऊन शेजारी आणि चादरीत गुंडाळलेली रिकामी बंदूक माझ्याकडे. आडवी मावेना, उभी छताला लागे. शेवटी तिरपी धरून बसले, आणि प्रत्येक खड्ड्याला मनात म्हटलं, आखूड असती तर.

ठाण्यात नोंद झाली, पावती मिळाली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला; बंदूक त्यानंतर परत. तोवर भात कापून, झोडून घरात आलेला असणार. मामा पावतीची घडी वहीत ठेवत हिशोब करत होता. पत्र्याचा डबा आहे, कुत्रा आहे, मामीचा आवाज आहे.

एसटीत बसताना म्हणाला, "दिवाळीला येशील तेव्हा डोंबिवलीतून सुतळी बॉम्ब आण. मोठी पेटी. टिकल्या नकोत."