कानापाशी तुटलेला बुरूज

आज सकाळी चहा ओतताना, भाचीने पुण्याहून आणलेला चिनी मातीचा मग प्रथमच नीट न्याहाळला. त्याच्या पांढऱ्या अंगावर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा छापला आहे. हत्तींच्या धडका परतवण्यासाठी ज्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकले गेले आणि ज्याच्या माथ्यावरचा नगारखाना अद्यापि उभा आहे, तो उत्तराभिमुख दरवाजा येथे तळहाताएवढ्या जागेत मावला असून, खिळ्यांचे केवळ काळे ठिपके उरले आहेत आणि डावीकडचा बुरूज मगाच्या कानापाशी येऊन अर्ध्यावरच तुटला आहे. त्या बुरुजाचे मला फार वाईट वाटले.

चित्राखाली १७३२ हे वास्तुशांतीचे साल आहे. पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केली ती १७३० साली. परंतु ज्या २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागून आतील लाकडी महाल आणि दिवाणखाने भस्मसात झाले, त्या दिवसाची नोंद येथे कोठेच नाही, आणि ती असावयास हवी होती असे मला मनापासून वाटते. कारण दरवाजा ओलांडून आत शिरणाऱ्याला आज दिसतात ती उघडी जोती आणि कोरडे हौद, आणि त्या रितेपणाचे कारण ठाऊक नसेल, तर बाहेरच्या तटाची भव्यता डोळ्यांत भरूनही अंतःकरणात उतरत नाही.

भाची संध्याकाळी येणार आहे. तिला त्या आगीची हकीकत सांगेन, हा मग दोघांच्या मध्ये ठेवूनच.