फसलो आणि फसविले

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांची मला कधी भीती वाटली नाही. ते लॅटिन-ग्रीक घराण्यातले. कोशात आपल्या जागी निमूट बसून असतात. मला धाक वाटतो तो 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'आउट' या चिमुकल्यांचा. 'टेक' म्हणजे घेणे, 'इन' म्हणजे आत. एखाद्या निराश्रिताला घरात आसरा दिला तरी 'टेक इन', आणि त्याच बिचाऱ्याला पुरते गंडविले तरीही 'टेक इन'च! आत गेल्याशिवाय कळायचे नाही, की यजमान कोण आणि ठक कोण. 'लीड ऑन' म्हणजे आशेला लावून पुढेपुढे नेणे. 'पाम ऑफ'मध्ये पत्ता तळहातात दडविणारा जुगारी अजून बसलेला आहे. खोटा माल तो हसतहसत गळ्यात मारतो.

एकेकट्या शब्दांच्याही कुळकथा मजेदार आहेत. 'हूडविंक' म्हणजे डोळ्यांवर टोपडे ओढणे. आपणही टोपी घालतो, पण आपली डोक्यावरच थांबते. 'चीट' हा शब्द तर सरकारी नोकरीतून आलेला. बेवारस जमिनी राजाच्या खात्यात जमा करणारे अंमलदार इंग्लंडात असत. त्यांच्या हुद्द्याचा अपभ्रंश होतहोत लबाडीला हे नाव मिळाले. ज्यांची जमीन गेली त्यांनीच तो केला असावा, असा माझा आपला तर्क.

'कॉन' मात्र अगदी अलीकडचा. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्पसन नावाचा एक सभ्य वेषातला गृहस्थ पकडला गेला. अनोळखी माणसाशी तो जुन्या ओळखीने बोलू लागे आणि विचारी, उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्या हवाली कराल, एवढा माझ्यावर विश्वास आहे ना? लोक घड्याळ देत! वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले. त्याच नावाची मेल्व्हिलची कादंबरी १८५७ साली निघाली, तीही नेमकी १ एप्रिलला. पुढे शब्दाची शेपटी गळून 'कॉन' तेवढा उरला. म्हणजे मुळात शब्द विश्वासाचा!

आपण तरी कुठे मागे आहोत? शेंडी लावणे, तोंडाला पाने पुसणे, केसाने गळा कापणे. १६६३च्या लाल महालाच्या छाप्यापाठोपाठ सांगितला जाणारा कात्रजचा घाट. 'ठग' तर इंग्रजांनी इकडूनच नेला. तिकडे त्यातली लबाडी गळाली आणि नुसता गुंड शिल्लक राहिला. 'चारसोबीस'ची गंमत निराळी. ते १८६० सालच्या दंड संहितेतले कलम. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, फसवणूक ३१८व्या कलमात जाऊन बसली. पण 'तीनशेअठरा माणूस' असे अजून कुणी म्हणत नाही.

परंतु या सगळ्या शब्दांपेक्षा मला अधिक छळते ते एक साधे मराठी क्रियापद: फसणे. गाडी चिखलात फसते, बेत फसतो, तसा माणूसही फसतो. कर्ता तोच, भोगणाराही तोच. ज्याने फसविले तो वाक्यात कुठेच नाही! इंग्रजाला 'मला आत घेतले गेले' असे तरी म्हणावे लागते. कुणीतरी घेतले, ही शंका मागे उरते.

माझी आत्या दोन वर्षे 'मी फसले रे' एवढेच म्हणत होती. यजमान गेल्यावर वारसाची नोंद लावायची म्हणून धाकट्या दिराने तिला तालुक्याला नेले आणि निबंधकाच्या कचेरीत सही घेतली. कागद हक्कसोडपत्राचा होता. दीड एकर जमीन गेली. "आत्या, तू फसली नाहीस, तुला फसविलं," असे मी म्हटले, की ती म्हणायची, "तेच ते रे बाळ. वाचता येत असून मी वाचलं नाही."

व्याकरण शिकविणाऱ्याला 'तेच ते' सोसत नाही. आणि इथे तर मुदतीचाही प्रश्न होता. असा दस्त रद्द करून घ्यायचा, तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. शेवटी तिला वकिलांकडे नेले. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारले, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा." आत्या "मी फ..." म्हणून थांबली. पदराशी चाळा करीत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "भाऊजींनी मला फसविलं."

वकिलांनी लिहून घेतले. आत्याने पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर ती त्यांना म्हणाली, "ती ओळ जरा वाचून दाखवा बघू."