मामांचा निळा ठिपका

मामांचे चीनला जाणे ठरले आणि घरात दोन प्रश्न उभे राहिले. पहिला मामींचा : तिथे खाणार काय? दुसरा खुद्द मामांचा : तिथे हरवलो तर? पहिल्याचे उत्तर मामींनीच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा यांत शोधले. दुसरा माझ्या वाट्याला आला. कारण घरात मी ‘शिकणारा’! वास्तविक मी वाणिज्य शाखेचा साधा विद्यार्थी. पण सुट्टीत मामांकडे दोन वेळा पोटभर जेवत होतो. नाही म्हणायला तोंड नव्हते.

मामा सुरतेत लिंबायतला राहतात. एम्ब्रॉयडरीची यंत्रे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. ही यंत्रे तिथे चीनहून येतात. नवे यंत्र शिकून घेण्यासाठी शेठने त्यांना झेजियांग प्रांतातल्या कारखान्यात पंधरा दिवस पाठवायचे ठरवले आणि सांगितले, “रस्ता दाखवणारा चांगला मोबाईल घ्या. पंचवीस हजारांपर्यंत मी देईन.” मामांच्या जुन्या मोबाईलवर नकाशा लावला की तो तासाभरात मान टाकत असे.

मराठी आणि कन्नड अशा दोन लिपींतल्या पाट्या वाचत मी वाढलो. मामांनी सुरतेत आल्यावर गुजराती शिकून घेतली, ते म्हणतात, “डोक्यावरची रेघ उडवली की झाली गुजराती!” पण जिथे एकही पाटी वाचता येणार नाही अशा गावात माणूस काय करत असेल, याची कल्पना आम्हा दोघांनाही करवेना.

मी वही उघडली आणि अभ्यासाला लागलो. पहिलीच गोष्ट समजली ती अशी की, जीपीएसला इंटरनेट लागत नाही! सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली अचूक वेळ सतत सांगत असतात. आपला मोबाईल रेडिओसारखा नुसता ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की त्यांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो आपली जागा काढतो. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचे हे संदेश मुद्दाम बिघडवून देत असे. ते बंद झाले, तेव्हा शंभर मीटरपर्यंतची चूक दहा-वीस मीटरवर आली. आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदोऊ आणि आपली नाविक अशाही व्यवस्था आहेत. मोबाईल जितक्यांचे ऐकेल तितके बरे. आणि दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर ऐकणारा असेल तर उंच इमारतींच्या गर्दीत तो कमी फसतो. इंटरनेट लागते ते नकाशासाठी. आणि तोही आधी उतरवून ठेवता येतो.

पुस्तकी ज्ञान झाले, आता परीक्षा! शेजारच्या मुलाकडे दोन फ्रिक्वेन्सींचा मध्यम किमतीचा मोबाईल होता. तो मागून आणला. दोन्ही मोबाईलमध्ये सुरतेचा नकाशा उतरवला, इंटरनेट बंद केले आणि मामांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. लिंबायतहून रिंग रोडच्या कापड मार्केटपर्यंत दोघेही गुणी बाळासारखे चालले. पण उंच मार्केटांच्या मधल्या बोळात शिरताच जुन्याचा निळा ठिपका भरकटला. मामांनी खाली वाकून पाहिले. “अरे, हा तर मला साड्यांच्या गठ्ठ्यांत नेऊन बसवतोय!” नवा मात्र रस्ता सोडीना. तसलाच मोबाईल आम्ही अठरा हजारांना घेतला. शेठचे सात हजार वाचवले म्हणून मी मनातल्या मनात ताळेबंद जुळवून मोकळा झालो.

पण माझा आनंद दोनच दिवस टिकला. चीनला जाऊन आलेले मामांचे एक सहकारी घरी आले. ते म्हणाले, “मोबाईल छान आहे. पण माझा ठिपका तिथे रस्ता सोडून भलतीकडेच उभा राहायचा.” मी हसलो. रात्री वाचू लागलो आणि हसू मावळले. चीनमध्ये कायद्यानेच नकाशे मूळ जागेपासून थोडे सरकवून काढावे लागतात. उपग्रह खरी जागा सांगतो, नकाशा सरकवलेली दाखवतो. त्यामुळे परदेशी मोबाईलवर ठिपका आणि रस्ता यांत काहीशे मीटरचे अंतर पडू शकते. गुगलची सेवाही तिथे नेहमीसारखी चालत नाही. चिनी नकाशा घ्यावा, तर बैदूचा नकाशा आपल्या सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अॅपांत होता. मी मोबाईल निवडला होता, नकाशा निवडायचा राहिला होता! अठरा हजारांचा कान विकत घेतला आणि त्याच्या हाती चुकीचा कागद देऊन बसलो.

शेवटी सापडला तो ओपनस्ट्रीटमॅप. जगभरच्या हौशी माणसांनी २००४ पासून भरत आणलेला हा नकाशा. तो सरकवलेला नाही, आणि फुकट उतरवून घेता येतो. झेजियांग प्रांत उतरवला. पण त्यात हॉटेलच्या मागच्या गल्ल्या कोऱ्याच दिसल्या. मी अस्वस्थ झालो. मामा बघत होते. म्हणाले, “तुला माझी सुरतेची गोष्ट सांगतो.”

१९९० साली सतरा वर्षांचे मामा भुसावळ पॅसेंजरने सुरतेला उतरले. खिशात मोठ्या भावाच्या पत्त्याची चिठ्ठी : ‘लिंबायत, मारुती मंदिराजवळ.’ मामा सांगत होते, “सकाळपासून मारुती बघत फिरलो. एक झाला, दोन झाले. प्रत्येकाला नमस्कार केला. सहावा झाला तेव्हा दिवस मावळला होता. रात्री स्टेशनवर झोपलो. दुसऱ्या दिवशी सातव्या मारुतीपाशी भाऊ भेटला. लोक वाईट नव्हते रे. सगळे रस्ता दाखवत होते. माझी चिठ्ठीच कच्ची होती. तुझा ठिपका मला मी कुठे आहे ते सांगेल. पण कुठे जायचे ते दुसऱ्याला सांगायला चिठ्ठी लागते. ती त्यांच्या अक्षरात करून दे.”

मी वरमलो. एवढे साधे माझ्या वहीत कुठेच नव्हते. कारखान्याकडून हॉटेलचा आणि कारखान्याचा पत्ता चिनी लिपीत मागवला, छापला आणि प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. एक प्रत शर्टाच्या खिशात, एक पाकिटात. मामींनी तिसरी दशम्यांच्या डब्यात घातली!

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. कारखान्यातून ते एकटे पायी परतले होते. ठिपक्याने मोठ्या रस्त्यापर्यंत बिनचूक आणले. पुढे नकाशा कोरा. मामांनी खिशातली चिठ्ठी काढून फळे विकणाऱ्या एका बाईंना दाखवली. बाईंनी गाडी शेजारणीवर सोपवली आणि मामांना हॉटेलच्या दारापर्यंत आणून सोडले. दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळला नाही.

“मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?” मी विचारले.

“काय म्हणणार? हात जोडले. सातव्या मारुतीला जोडले होते तसे.”

वाचकहो, परदेशी जाताना मोबाईल कोणता घ्यावा, असे आता मला कोणी विचारले तर मी सांगतो : दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारा घ्या, बॅटरी दमदार बघा, नकाशा घरीच उतरवून इंटरनेट बंद करून गावात एक फेरी मारून पाहा. आणि हे सगळे झाले की एक चिठ्ठी लिहा.