फिरतं बिऱ्हाड आणि लिंकनचं पत्र

आई-बाबा अमेरिकेत आले की त्यांना कुठे फिरवायचं, हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला ठरलेला प्रश्न. नायगारा, न्यूयॉर्क, देवळं... हे सगळं पहिल्या खेपेला उरकलं होतं. 2008 च्या जुलैत ते दुसऱ्यांदा न्यू जर्सीला आले तेव्हा बाबांनीच सांगून टाकलं, "मला फक्त वॉशिंग्टनला न्या. लिंकन बघायचाय."

कारण आम्हाला पाठ होतं. बाबा वाईजवळच्या एका शाळेत 34 वर्षं मास्तर होते. लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र आठवतंय ना? वसंत बापटांच्या अनुवादामुळे महाराष्ट्रातल्या शाळाशाळांच्या भिंतीवर लागलेलं? आमच्याही घरात ते चौकटीत होतं. दहावीच्या निरोप समारंभात बाबा दरवर्षी ते न बघता म्हणायचे आणि शेवटच्या ओळींना दरवर्षी त्यांचा आवाज बसायचा. मुलं त्यावरून नकला करायची. मीसुद्धा केल्यात :)

आता आईला हॉटेलातलं खाणं चालत नाही आणि बाबांना दर तासाला बाथरूम लागतं. त्यावर नवऱ्याने तोडगा काढला - मोटरहोम भाड्याने घ्यायची. स्वयंपाकघर, संडास, सहा जणांची झोपायची सोय, सगळं चाकांवर. बाबांनी आत चढून एकदा सगळं न्याहाळलं आणि तिचं नाव ठेवलं "फिरतं बिऱ्हाड". आई म्हणाली, "गिरगावात आमच्या मामांची खोली एवढीच होती, आणि माणसं नऊ."

या गाडीत गॅसची टाकी असते आणि तशा गाड्यांना बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून जाऊ देत नाहीत. म्हणून आम्ही वळसा घालून फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून गेलो. बाबा पुढच्या सीटवर बसले होते. पूल चढायला लागल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली आणि मग खाली पाणी, जहाजं दिसल्यावर हळूच सोडली. 26 मार्च 2024 च्या पहाटे एक मालवाहू जहाज धडकून तो पूल पडला, वर काम करणारे सहा कामगार गेले. टीव्हीवर ती दृश्यं बघताना मला सारखे बाबांचे ते हात दिसत होते.

असो. मुक्काम मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कच्या एका कॅम्पग्राउंडवर केला. गाडी लावायची, विजेची वायर जोडायची, पाण्याचा पाइप जोडायचा आणि मोरी-संडासाची टाकी रिकामी करायचा जाड पाइप लावायचा. हे शेवटचं काम नवऱ्याने रबरी हातमोजे घालून, नाक दाबून केलं. संध्याकाळी आईने आमटीला फोडणी दिली आणि धुराचा अलार्म किंचाळायला लागला. शेजारच्या गाडीतले गोरे आजोबा धावत आले. जाताना डबाभर आमटी-भात घेऊन गेले.

एवढी मोठी गाडी शहरात लावणार कुठे? म्हणून ती तिथेच ठेवून मेट्रोच्या ग्रीन लाइनने शहरात जायचं ठरलं. पहिला दिवस म्युझियममध्ये गेला. स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट आहेत यावर बाबांचा विश्वास बसेना. ज्या स्मिथसन नावाच्या इंग्रजाने यासाठी आपली संपत्ती दिली तो अमेरिकेत कधी आलाच नव्हता, हे वाचून तर ते थक्कच झाले. मुलं राइट बंधूंच्या 1903 च्या विमानापासून हलेनात. आई होप डायमंडपुढे उभी राहिली. 45.52 कॅरेटचा निळा हिरा, आपल्या आंध्रातल्या कोल्लूरच्या खाणीतला म्हणतात. 1958 मध्ये तो या म्युझियमला चक्क रजिस्टर्ड पोस्टाने आला. "आणि मी पाठवलेला लाडवांचा डबा मात्र फुटतो," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लिंकन. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. सहलीच्या तयारीत मी इंटरनेटवर ते पत्र शोधत होते. मूळ इंग्रजी छापून बाबांना द्यावं म्हणून. तेव्हा कळलं की ते लिंकनचं नाहीच. त्याच्या संग्रहित लेखनात ते सापडत नाही, अभ्यासक ते त्याचं मानत नाहीत. मी कॉम्प्युटर बंद केला आणि कोणालाच काही बोलले नाही. म्हटलं, कशाला उगाच?

वाटेत वॉशिंग्टनचा 555 फुटी स्तंभ लागला. खालच्या भागाचा रंग वेगळा, वरचा वेगळा. मध्ये पैशाअभावी काम बरीच वर्षं रखडलं, नंतरचा दगड दुसऱ्या खाणीतला आला. "आमच्या शाळेच्या इमारतीसारखंच," बाबा म्हणाले.

लिंकन मेमोरियलला लिफ्ट आहे म्हणून सांगितलं, तरी बाबा गुडघे धरत 58 पायऱ्या चढले. एकोणीस फुटी लिंकनसमोर चप्पल काढू की नको असा त्यांचा चेहरा झाला होता. मग ते भिंतींकडे वळले. एका भिंतीवर गेटिसबर्गचं भाषण, दुसऱ्या भिंतीवर दुसऱ्या शपथविधीचं. दोन्ही त्यांनी शब्द न् शब्द वाचली. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. मी धाकटीच्या बुटाची लेस बांधत बसले.

शेवटी त्यांनी तिथल्या रेंजर बाईंनाच विचारलं, हळूहळू, एकेक इंग्रजी शब्द जुळवत. त्यांनी असं पत्र कधी ऐकलेलं नव्हतं. "कुठल्या मुलासाठी?" त्यांनी विचारलं. मग सांगितलं, की लिंकनच्या चार मुलांपैकी एकटा रॉबर्ट मोठा झाला. 1922 मध्ये या वास्तूच्या उद्घाटनाला तो हजर होता, 78 वर्षांचा. बाबा गप्प झाले. त्यांना वाईट वाटलं असावं असं बाईंना जाणवलं, म्हणून त्यांनी उत्तरेकडच्या भिंतीवरचा एक शब्द दाखवला. 'फ्यूचर'मधल्या एफच्या जागी कोरणाऱ्याने चुकून ई कोरला होता. नंतर खालची रेघ बुजवली, पण ती अजून दिसते.

नातवाने विचारलं, "आजोबा, अख्खा दगडच का नाही बदलला?"

"कशाला?" बाबा म्हणाले. "दुरुस्त केलीय ना चूक? मग दिसली तर दिसली."

रात्री सगळे झोपल्यावर ते गाडीच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला माहीत होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मग तिथे परक्या बाईसमोर मला का विचारू दिलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. मी त्यांना दुःखापासून वाचवतेय असं समजत होते. खरं तर मला ते सांगण्याचा त्रास नको होता, बस.

"चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. पडदा सरकवल्याचा आवाज आला. त्यांना झोप लागली नाही हे मला कळत होतं. फिरत्या बिऱ्हाडात कूस बदलली तरी सगळी गाडी हलते.

परतीच्या वाटेवर ते नेहमीसारखे बोलत होते. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. वाईला गेल्यावर त्यांनी शाळेला पत्र लिहिल्याचं आईकडून कळलं. भिंतीवरचा मजकूर राहू द्यावा, खालचं नाव काढावं. शाळेने काही केलं नाही. बाबांनी घरातली चौकट मात्र खाली उतरवून उघडली.

2019 मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर घर आवरताना मी ती चौकट नीट पाहिली. लिंकनच्या नावावर लाल शाईची एक सरळ रेघ, खालचं नाव वाचता येईल अशी. शेजारी बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय - "लेखक ठाऊक नाही. मजकूर चांगला आहे."

चौकट आता आमच्याकडे न्यू जर्सीत आहे. येणारे-जाणारे त्या रेघेबद्दल विचारतात. मग मी सगळं सांगते, माझा भाग न गाळता.