मुक्ताचा प्रश्न

आज पुन्हा मुक्ता साळवेचा निबंध वाचला. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकामध्ये छापून आलेला. मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मुलगी तेव्हा जेमतेम चौदाची. वेद ब्राह्मणांचेच, बाकीच्यांनी ते पाहायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. तिच्या तर्काची धार मला दर वेळी थक्क करते. ती दया मागत नाही. ज्ञान नाकारणाऱ्यांचंच म्हणणं उचलते आणि ते कुठवर जातं हे दाखवून देते: ग्रंथ नाही, म्हणजे आम्ही धर्माबाहेरचेच. काही वर्षांची शाळा आणि एवढी झेप! अशा किती मुक्ता अक्षर न गिरवताच गेल्या असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

पुढे अर्ध्या शतकानेही भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत घेता आलं नाही; फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी नंतर स्वतःच्या बळावर केला. १९४६ साली शूद्रांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, त्यात चार वर्णांची उत्पत्ती सांगणाऱ्या, ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताचीच कसून चिकित्सा केली, आणि तो अर्पण केला जोतीरावांना.